फाटकावर न लागलेली चांदणी

गेल्या वर्षी नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत मी एक मागणी मांडली. दिवाळीत फाटकावर आकाशकंदील लागतो, तशी नाताळचे आठ दिवस तिथे एक चांदणी लावू द्यावी. खर्च माझा, वायर माझी, शिडीवर चढणारा मुलगाही माझाच. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ एवढ्या सामानात मी ती दरवर्षी घरी बांधते. दिवाळीत फाटकावर लागणारा कंदीलही गेली अकरा वर्षं माझ्याच हातचा आहे. त्याबद्दल मला कधी कोणी काही विचारलं नाही.

चांदणीवर पाऊण तास चर्चा झाली. तळमजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, पंचवीस डिसेंबर ही तारीखच मुळात चोरीची. रोमन लोकांच्या सूर्योत्सवावर चर्चने आपली पाटी ठोकली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, झाड, सांताक्लॉज, केक हे सगळं गोऱ्यांचं आणि बाजाराचं, ते आपल्या फाटकावर कशाला? आणि ज्यांच्याकडे माझं नाताळचं ताट दरवर्षी जातं ते शेजारी म्हणाले, "वहिनी, तुमच्या करंज्या आम्ही खाल्ल्यात. त्या दिवाळीच्याच. त्यात तुमचं असं काय आहे? आमचंच उचललेलं आहे सगळं." हात वर झाले, मागणी पडली. सभा उठल्यावर अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "मनाला लावून घेऊ नका. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये."

ते चांगल्या मनाने बोलले. पण माझ्या सणाचं मूळ भर सभेत काढलं जात होतं तेव्हा ही म्हण कोणाला आठवली नव्हती. आता काढलंच आहे, तर नीट काढू या.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात आणून देते. काकू म्हणाल्या सगळं परकं, शेजारी म्हणाले सगळं आमचंच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तरी दोघांचे हात एकाच बाजूने वर गेले.

आधी तारीख. प्राध्यापकांचं म्हणणं त्यांच्या एकट्याचं नाही. दर डिसेंबरात ते छापून येतं, मोबाइलवर फिरतं, आणि इतक्या वेळा ऐकल्यावर आमच्यातल्याही अनेकांना ते पटू लागलं आहे. त्यात दोन रोमन सणांची नावं घेतली जातात. पहिला सॅटर्नेलिया. हा उत्सव १७ डिसेंबरला सुरू होई आणि लांबला तरी २३ ला संपे. २५ शी त्याचा काही संबंध नाही. दुसरा ‘अजिंक्य सूर्या’चा जन्मदिवस. सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये रोममध्ये सूर्याचं देऊळ उभारलं, हे खरं आहे. पण २५ डिसेंबरला सूर्याचा असा सण होता हे स्पष्ट सांगणारा सर्वांत जुना कागद आहे इ.स. ३५४ मधला, एका रोमन पंचांगवजा संग्रहातला. त्याच संग्रहात, त्याच तारखेला, ख्रिस्त बेथलेहेमात जन्मला अशी नोंदही आहे, आणि ती नोंद इ.स. ३३६ च्या सुमाराच्या यादीतून आली असं अभ्यासक मानतात. म्हणजे दोन्ही सण एकाच वहीत पहिल्यांदा भेटतात. चोरीची फिर्याद करायची तर वस्तू आधी कोणाकडे होती हे दाखवावं लागतं. इथे तसा पुरावा नाही.

मग ही तारीख आली कुठून? याचं एक उत्तर आहे, ते प्राध्यापकांनी सभेत सांगितलं नाही, आणि आपल्यासारख्या पंचांग बघून मुहूर्त काढणाऱ्या लोकांना ते लगेच कळेल. ते गणिताचं उत्तर आहे. इ.स. २०० च्या आसपास उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने येशूच्या मरणाची तारीख २५ मार्च धरली. ख्रिस्त ज्या दिवशी आईच्या पोटी आला त्याच तारखेला तो मरण पावला, अशी समजूत जुन्या ख्रिस्ती लेखकांत होती. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने ती लिहून ठेवली आहे. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे तीच मरणतिथी ६ एप्रिल धरली जाई. तिच्यात नऊ महिने मिळवले की ६ जानेवारी, आणि आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच ख्रिस्तजन्म साजरा करतं. दोन ठिकाणी दोन वेगळ्या तारखा, आणि दोन्ही त्याच नऊ महिन्यांच्या हिशेबात बसतात. लुई द्यूशेन या फ्रेंच इतिहासकाराने १८८९ मध्ये हा विचार मांडला. सूर्योत्सवाचा पक्ष हेर्मान उझेनर या जर्मन पंडिताने मांडला तोही १८८९ मध्येच. तेव्हापासून विद्वानांत हा वाद चालू आहे, आणि आमच्या सभेत तो पाच मिनिटांत निकालात निघाला.

सूर्याचा काही संबंधच नाही, असं मी म्हणणार नाही. जुन्या रोमन पंचांगात २५ डिसेंबर हाच उत्तरायणाचा दिवस मानला जाई, आणि ख्रिस्ताला जगाचा प्रकाश म्हणणाऱ्या माणसांना त्या दिवसाचा अर्थ दिसत नसेल हे शक्य नाही. पाचव्या शतकात पोप लिओने आपल्या नाताळच्या प्रवचनात काही ख्रिस्ती लोकांना खडसावलं, कारण संत पेत्राच्या देवळात शिरण्याआधी ते पायऱ्यांवर उभे राहून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करत. मला ती माणसं जवळची वाटतात. थंडीच्या दिवसांत उगवत्या सूर्याला हात जोडावेसे वाटणं यात कोणत्या धर्माचा अपराध आहे? आपल्या मकरसंक्रांतीकडे बघा. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच सुमारास येत. अयनगतीमुळे आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडलं आहे. म्हणजे रोममध्ये नाताळची तारीख ठरत होती त्या काळात आपली संक्रांतही डिसेंबरच्या त्याच थंडीत येत होती. सूर्य दोघांनी पाहिला. आपण तिळगूळ केला, त्यांनी गोठा मांडला. संक्रांतीने सूर्य चोरला असं कोणी म्हणत नाही.

आता झाड आणि सांताक्लॉज. यात मी फार वेळ घालवणार नाही, कारण माझ्या मागणीत दोन्ही नव्हते. पण ‘गोऱ्यांचा सण’ हा शिक्का तपासायचा तर एवढं बघावं लागतं. सजवलेल्या झाडाची जुनी वर्णनं जर्मन मुलखातली आहेत. स्ट्रासबर्गमध्ये १६०५ साली घरात झाड उभं करून त्यावर कागदी गुलाब आणि सफरचंदं टांगत, अशी नोंद आहे. इंग्लंडच्या घराघरात ते शिरलं १८४८ नंतर, व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं तेव्हा. ज्या संत निकोलसपासून सांताक्लॉज घडला तो मायरा गावचा बिशप, आणि मायरा आजच्या तुर्कस्तानात आहे. ज्या बाळाचा हा सण तो पॅलेस्टाइनच्या गावात जन्मला. हे दोघेही आशियातले. आणि स्कॉटलंडसारख्या पक्क्या गोऱ्या देशात नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली १९५८ मध्ये. मुंबईत ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

याच्या शेजारी आपल्या तारखा ठेवा. सहाव्या शतकाच्या मध्यावर कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलं आहे की मलबारात ख्रिस्ती लोक आहेत, आणि कल्याणला इराणहून नेमलेला बिशप आहे. हे कल्याण म्हणजे आपलं ठाण्याजवळचं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, आणि ते उतरले होते तिथल्याच ख्रिस्ती कुटुंबाकडे. वास्को द गामा यायला तेव्हा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ होता. पुढे १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स साष्टीत राहिला, मराठी शिकला आणि हजारो ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ लिहून बसला. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. बेथलेहेमचा गोठा, मेंढपाळ, आकाशातला तारा हे सगळं त्यात ओवीत आलं आहे. लंडनच्या दिवाणखान्यात झाड उभं राहण्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी साष्टीतली माणसं ख्रिस्तजन्माची कथा ज्ञानोबांच्या छंदात ऐकत होती. या सणाला परका म्हणायचं, तर किती वर्षं झाली की परकेपण सुटतं, हे काकूंनी मला सांगावं.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’पासून आला, हेही सभेत कोणीतरी पुराव्यासारखं पुढे केलं. बरोबर आहे. पाव, बटाटा, काजू, पेरू, चावी आणि पगार हे शब्दही तिथूनच आले, आणि सभेतल्या प्रत्येकाच्या खिशात चावी होती.

वस्तूंचं परकेपण कसं सुटतं हे बघायचं असेल तर नाशिकला जा. गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हा आकडा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा विजयाची खूण म्हणून तिथल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ती एक. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर अशीच एक घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया कोरलेली आहे. प्राध्यापक मूळ नाशिकचे. ‘नारोशंकराची घंटा’ म्हणताना त्यांच्या आवाजात किती माया येते हे मी ऐकलं आहे. ती घंटा कोणत्या देवासाठी ओतली हे त्यांना ठाऊक आहे, आणि तरी ती नाशिकची आहे. मलाही ती नाशिकचीच वाटते. मग मरियेचं चित्र कोरलेली घंटा जर महादेवापुढे वाजू शकते, तर बांबूच्या काड्यांची चांदणी फाटकावर का लागू शकत नाही?

इथे मला एक गोष्ट मान्य करायची आहे, कारण ती टाळून हा वाद प्रामाणिकपणे करता येत नाही. घंटा युद्धात आल्या, तसा धर्मही अनेकदा सत्तेच्या पाठबळावर आला. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं आणि मध्ये काही वर्षांचा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत टिकलं. देवळं पाडली गेली. माणसांना गाव सोडून पळावं लागलं, देव डोक्यावर घेऊन नदीपलीकडे न्यावे लागले. माझ्या सासरच्या गावात याच्या आठवणी दोन्ही बाजूंच्या घरांत आहेत, आणि मी त्यांवर पांघरूण घालणार नाही. ज्यांच्या पूर्वजांनी हे भोगलं त्यांच्या रागाला जागा आहे. पण तो राग ज्यांच्यावर काढला जातो, ते त्याच भोगलेल्या गावांचे वंशज आहेत. साष्टीतल्या ज्या बाईच्या डोक्यावर पाद्र्याने पाणी घातलं, ती लिस्बनहून आलेली नव्हती. ती त्याच वाड्यावरची होती, आणि त्याच्या आदल्या गणेशचवथीला तिने नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळल्या होत्या.

आणि इथेच मला शेजाऱ्यांच्या ‘उचललेलं आहे’ या शब्दाला उत्तर द्यायचं आहे. तिन्ही आक्षेपांत मला तोच सर्वांत जास्त लागला.

माझं माहेर नगरचं. माहेरी नाताळला फराळ होई आणि त्याला आम्ही फराळच म्हणत असू. करंज्या, शंकरपाळी, चकली, चिवडा, रव्याचे लाडू. आजी असेपर्यंत अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदललं जाई, मग सावलीत सुकवून कुटायचे आणि गुळात मळून डबा बंद. अनारसा तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवायची आणि उलटायचा नाही. आजीचा हात या कामात इतका बसला होता की शेजारच्या कुळकर्णीवाड्यातल्या बायका दिवाळीत तिला बोलवून नेत. तिथे ती सोवळ्यात शिरत नसे, अंगणातल्या चुलीपाशी बसे. त्या बायकांना तिच्या अनारशांचं मूळ कधी विचारावंसं वाटलं नाही. नाताळला पहाटे देवळात उपासना (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो), मग टाळमृदंगावर भजनं, मग घरोघर फराळाची ताटं.

सासर साष्टीतलं. तिथलं ताट वेगळं. त्याला पोर्तुगीज ‘कोन्सोआदा’वरून आलेलं नाव आहे, मंगळुरूकडे त्याला कुस्वार म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात सासूबाईंनी मला दोदोल ढवळायला बसवलं. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ. हात थांबला की बुडाला लागतं, म्हणून दोघी-तिघी आळीपाळीने बसायच्या, आणि तेल सुटून गोळा भांड्यापासून अलग होईतो उठायचं नाही. हाच दोदोल मलेशिया-इंडोनेशियात मुसलमान घरांत ईदला होतो. मग दोस, म्हणजे चण्याची डाळ, खोबरं आणि साखर आटवून थापलेल्या वड्या. रवा-खोबऱ्याचा बात. पेरूची पेराद. मैद्याचा गोळा काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायचा आणि तळायचा, की कुलकुल. घरातली सगळी मुलं रात्री जेवणं झाल्यावर कुलकुल वळायला बसतात आणि कोणाचा वळसा सुबक यावरून भांडतात. बेबिंका मात्र मोठ्यांचं काम. नारळाचं दूध, साखर, तूप आणि अंड्याचा पिवळा बलक यांचा एक थर ओतायचा, झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून वरून भाजायचा, मग त्यावर दुसरा थर, मग तिसरा. सात तरी थर हवेतच, पुढे जेवढी चिकाटी तेवढे. अर्धा दिवस त्यातच जातो.

या ताटात पोर्तुगीज काही नाही असं कोण म्हणेल? अंड्याचा बलक आणि साखर यांची मिठाई हा तिकडच्या मठांचा वारसा आहे. पण नारळ, गूळ, तांदूळ, डाळ इथलीच. आणि नेवरी तर चवथीला हिंदू घरात होते आणि नाताळला ख्रिस्ती घरात. सारण घरोघर बदलतं, मुरड तीच. आमच्या वाड्यावर चवथीला शेजारच्या नायकांकडून नेवऱ्यांचं ताट येतं, नाताळला आमच्याकडून त्यांच्याकडे जातं. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथे गोडाचं भांडं चुलीवर चढत नाही, मग शेजारचे त्यांना ताटं पाठवतात. दुखवट्याच्या घरीही असा नाताळ पोहोचतो.

तर शेजाऱ्यांना माझं सांगणं असं. उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं घेणं. धर्म बदलणारी बाई दुसऱ्या घरातून आली नव्हती. तिचे हात तेच राहिले. करंजीची मुरड तिला आईने शिकवली होती, आईला तिच्या आईने. ती मुरड तुमच्या पणजीची जितकी, तितकीच माझ्या पणजीची. धर्म बदलला म्हणून आईने शिकवलेलं विसरायला हवं होतं का? तसं विसरायला लावणारे होते. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक हुकूमनामा काढला. ख्रिस्ती झालेल्यांनी अंगणात तुळस ठेवू नये, लग्नात हळद लावू नये, बायकांनी चोळी घालू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये. हिंदूंसारखा बिनमिठाचा भातसुद्धा शिजवू नये. माणूस कोणत्या देवाला भजतो एवढ्यावर त्यांचं भागलं नाही, भातात मीठ आहे का तेही त्यांना बघायचं होतं. त्या हुकूमनाम्याचा गाभा एकच होता: ही चाल हिंदूंची आहे, तुमची नाही, सोडा. आणि माझे शेजारी, ज्यांना इन्क्विझिशनचा मनापासून संताप आहे, त्यांनी मला भर सभेत नेमकं तेच सांगितलं: ही करंजी हिंदूंची आहे, तुमची नाही. माझ्या सासरच्या बायकांनी तो हुकूम जारी असतानाही नेवऱ्या सोडल्या नाहीत. त्या बायकांची नावं कुठल्या कागदात नाहीत. त्यांच्या नेवऱ्यांना उचललेलं म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

हेच दुखणं आमच्या आतही आहे, आणि ते लपवलं तर मी एकांगी ठरेन. सभेची गोष्ट मी आमच्या प्रार्थनागटात सांगितली तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, "बरंच झालं. शास्त्रात नाताळची तारीख नाही. चांदणी, रांगोळी, फराळ हे सगळं मूर्तिपूजकांचं. शुद्ध विश्वासात याला जागा नाही." मी थक्क झाले. प्राध्यापक आणि या भगिनी एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघांचा युक्तिवाद अक्षराला अक्षर एक आहे. जन्म कुठला ते सांगा, मग आत घेऊ.

त्यांना मी इंग्लंडचं उदाहरण दिलं. १६४७ मध्ये तिथल्या प्युरिटन संसदेने नाताळ रद्द केला, याच कारणाने: बायबलात नाही, मूर्तिपूजकांचा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ मध्ये कायदा झाला, नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड. तो १६८१ पर्यंत राहिला. तिथे नाताळची कायदेशीर सुट्टी यायला १८५६ उजाडलं. आणि आता नगरचं बघा. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले आणि १८३१ मध्ये नगरला ठाणं केलेले अमेरिकन मिशनरी, मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्या न्यू इंग्लंडच्याच मंडळ्यांतले. त्यांच्या मायदेशी नाताळ हा थाटामाटाचा सण नव्हताच. मग माझ्या आजीच्या घरातली नाताळची पहाट, टाळ, मृदंग, फराळाचं ताट ही त्यांच्या बोटीतून आलेली असणं कसं शक्य आहे? ती नगरच्या मातीतली आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आमच्या उपासनेला मराठी भजन-कीर्तनाचा सूर दिला, तेव्हा त्यांनी कोणाची परवानगी मागितली नव्हती. वारकऱ्यांच्या मुलखात वाढलेला माणूस देवाला दुसऱ्या कोणत्या सुरात हाक मारणार? त्या भगिनींना मी विचारलं, टिळकांची भजनंही आता गायची नाहीत का? त्या गप्प राहिल्या. पुढच्या रविवारी मात्र त्या माझ्या शेजारी बसून गायल्या, हे मला सांगितलंच पाहिजे.

शिक्षण झालेल्या, जग पाहिलेल्या माणसांना शुद्धतेचा हा सोस का लागावा, ते मला कळत नाही. प्राध्यापकांनी आयुष्यभर मुलांना पुरावा तपासायला शिकवलं. त्यांनी ३५४ चा कागद स्वतः पाहावा, दोन्ही नोंदी वाचाव्यात, आणि मग जे वाटेल ते सभेत पुन्हा म्हणावं. मी ऐकेन. काकूंना बाजाराचा त्रास होतो, तो मलाही होतो. मॉलमधल्या कापसाच्या बर्फाशी माझं काही नातं नाही, माझ्या आजीने बर्फ कधी पाहिला नव्हता. पण बाजाराला विरोध करायचा तर घरी कागद कापून, खळ शिजवून केलेल्या चांदणीला आधी जागा द्यायला हवी होती.

शेजाऱ्यांकडे मी गेल्या नाताळला ताट पाठवलं. सभेला महिना झाला नव्हता आणि मुलगा म्हणत होता, या वर्षी राहू दे. मी पाठवलं. करंज्या, कुलकुल, दोदोलचे दोन तुकडे. ते ताट संक्रांतीला परत आलं, तिळाच्या वड्यांनी भरून, आणि शेजारच्या वहिनी स्वतः घेऊन आल्या. दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं, दोदोलला गूळ कोणता घालता. आत बोलावलं, तासभर बसल्या. सभेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

या नोव्हेंबरच्या सभेसाठी मी तीच मागणी पुन्हा लेखी दिली आहे. या वेळी खाली माझ्या सहीबरोबर त्यांचीही सही आहे. काड्या तासून झाल्या आहेत, कागद पांढरा आणि लाल आणला आहे. सभेत जे ठरेल ते ठरेल, खळ मी आदल्या रात्री शिजवून ठेवणार आहे.